जिथे पाय पुढे टाकता येत नाही तिथली लेन्स: कॅनन १००-४०० मार्क टू, सात वर्षांनंतर

घ्यावी का, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, हो, घ्या. बाकीच्यांनी जरा निवांत वाचा, कारण या लेन्सबद्दल लिहायचं म्हणजे मला माझ्या कामाबद्दलच लिहावं लागणार आहे आणि ते काम मला मनापासून आवडतं.

मी ट्रॅव्हल आणि वाइल्डलाइफ फोटोग्राफी करते, पोटासाठी करते, म्हणजे क्लायंट असतो, ब्रीफ असतं, तारीख ठरलेली असते आणि रिकाम्या हाताने परत यायची सोय नसते. ही लेन्स २०१८ मध्ये घेतली. पूर्ण नाव कॅनन ईएफ १००-४०० एमएम एफ ४.५-५.६ एल आयएस टू यूएसएम, एवढं लांब नाव कुणी घेत नाही, झूम १०० ते ४०० एमएम, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, म्हणून आम्ही सगळे हंड्रेड-फोरहंड्रेड म्हणतो. बाजारात आली २०१४ च्या शेवटी. तिच्या आधीची १९९८ ची, तिचा झूम ओढायचा आणि ढकलायचा होता, ही फिरवायची आहे. आत २१ एलिमेंट्स म्हणजे काचा, फिल्टर ७७ चा, वजन ट्रायपॉडला लावायचा पाय काढून साधारण १५७० ग्रॅम. आकडे झाले, ते कुठेही मिळतात. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

लोक नेहमी विचारतात की काय भारी भारी जागी जायला मिळतं तुला, मजा असेल ना. मजा आहेच, भरपूर आहे. पण एक गोष्ट बाहेरून कळत नाही, की जागा जितकी भारी तितकं तिथे कुठे उभं राहायचं हे आपल्या हातात कमी. बोटीवर असाल तर बोटवाला ठरवणार. सेरेंगेटीत असाल तर गाडी वाटेवरच राहणार, तुम्ही खाली उतरणार नाही, खिडकीतून किंवा छतातून जे दिसेल ते. अंटार्क्टिकात किनाऱ्यावर उतरलात तर एकावेळी जास्तीत जास्त १०० माणसं आणि पेंग्विनपासून निदान ५ मीटर लांब. कुठे दोरी, कुठे कडा, कुठे नियम. ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना की झूम पायांनी करा, दोन पावलं पुढे जा, ते सगळं खरं आहे पण ते स्टुडिओत आणि रस्त्यावर. माझ्या कामात अर्ध्याहून जास्त वेळा पाय बांधलेले असतात. ही लेन्स मला ते पाय परत देते, मनगटात देते, आणि माझा सगळा रिव्ह्यू म्हणजे हे एकच वाक्य आहे.

उदाहरण देते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला फर्थ ऑफ फोर्थ खाडीच्या तोंडाशी बॅस रॉक नावाचा एक खडक आहे, समुद्रातून सरळ शंभरेक मीटर वर आलेला. लांबून बघितलं तर वरचा भाग पांढराफटक दिसतो, मला पहिल्यांदा वाटलं दगडच तसा असेल, जवळ गेल्यावर कळलं की ते सगळे गॅनेट पक्षी आणि त्यांची विष्ठा आहे. नॉर्दर्न गॅनेटची ती तेव्हा जगातली सगळ्यात मोठी वसाहत होती, २०१४ च्या मोजणीत पाऊण लाखाच्या आसपास जोड्या होत्या, आणि पक्ष्याच्या शास्त्रीय नावात जे बॅसानस आहे ते या खडकावरूनच आलंय. २०१९ ला मी तिथे पहिल्यांदा गेले. बोटवाला थोडे मासे पाण्यात टाकतो आणि मग पुढची वीसेक मिनिटं डोक्यावर जे काही होतं ते शब्दांत मांडायला मला अजून जमलेलं नाही. आवाज आधी येतो, खरखरीत, हजारो गळ्यांचा एकत्र, मग वास, आणि मग ते पडायला लागतात. पडायलाच लागतात, उडत खाली येत नाहीत. पाण्याला भिडायच्या आधीच्या क्षणाला पंख पूर्ण मागे घेऊन अंगाचा बाण करतात आणि ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने आत घुसतात. पाण्याचे शिंतोडे थेट हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावलेल्या नळीवर.

आता इथे हिशोब बघा. माझी बॉडी फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. पक्षी १५ मीटरवर असेल आणि झूम ४०० वर असेल तर फ्रेमची रुंदी जेमतेम सव्वा-दीड मीटर, अचूक सांगायचं तर १.३५. गॅनेटचे पंख पसरले की पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे पंख कापले गेले. २०० वर आले की फ्रेम २.७ मीटर, पक्षी मावला, आणि तो पाण्यात घुसताना उडणारं पाणीही आलं. शेजारच्या एकाकडे ५०० ची प्राइम होती, म्हणजे झूम न होणारी, काय सुंदर लेन्स ती, मी कधीही नाव ठेवणार नाही, पण त्या वीस मिनिटांत त्या बिचाऱ्याला डोकं आणि चोचीशिवाय काही मिळेना कारण बोटीला मागे जायला सांगता येत नव्हतं. मी मात्र वरून घिरट्या घालणारा पक्षी ४०० ला पकडायचे, तो वळला की ३००, पंख मिटले की १८०, आणि पाण्यात घुसताना १२०. एकाच डाइव्हमध्ये, एकाच हाताने, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता. कुठला आकडा चाललाय ते मी बघतही नव्हते, ते हातालाच कळायला लागतं. त्या दिवशी बोट धक्क्याला लागली तेव्हा माझे हात थरथरत होते, थंडीने नाही, आनंदाने.

झूम रिंगला लागूनच अजून एक रिंग आहे, घट्टपणाची. एका टोकाला स्मूद, दुसऱ्या टोकाला टाइट, मधे कुठेही ठेवा. पहिल्या महिन्यात मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही आणि आता ती मला सगळ्यात आवडते. बोटीवर मी ती पूर्ण सैल ठेवते म्हणजे दोन बोटांनी झूम फिरतो, चालताना पूर्ण घट्ट करते नाहीतर लेन्स खाली तोंड करून लटकली की वजनाने पुढचा भाग हळूहळू बाहेर सरकतो. जाड हातमोजे घालूनही सापडते, खाचा वेगळ्या आहेत. हूडला खाली एक छोटी खिडकी आहे, ती सरकवली की आत बोट घालून पोलरायझर फिरवता येतो, हूड न काढता. ऐकायला किरकोळ वाटेल पण ओल्या दगडांवरची चमक काढायला पोलरायझर लागतो आणि वारा असताना हूड काढा, फिरवा, परत लावा यात ढग निघून जातात.

आयएस म्हणजे स्टॅबिलायझेशन चार स्टॉपचं म्हणतात. अर्थ असा की ४०० वर हातात धरून शटर साधारण १/४०० सेकंद ठेवावं लागायचं तिथे तत्त्वतः १/२५ ला काम होऊ शकतं. होतंही, बर्फ, दगड, झोपलेला सील असेल तर होतं. पण नवीन लोक इथे फसतात, आयएस तुमचा हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही. गॅनेट डाइव्हला मी १/२००० सेकंदापेक्षा हळू शटर ठेवत नाही, आयएसओ चढला तर चढू दे, दाणेदार फोटो विकता येतो, हललेला विकता येत नाही. तीन मोड आहेत, त्यातला तिसरा फक्त शटर उघडं असताना काम करतो, मधल्या वेळात व्ह्यूफाइंडरमधलं चित्र ओढत नाही, त्यामुळे वेड्यावाकड्या उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मी तोच लावते. आणि जहाजावर असाल तर एक सांगते, लेन्स रेलिंगवर टेकवू नका. टेकवावीशी वाटतेच, दीड किलोच्या वरचं वजन आहे, पण इंजिनाची थरथर रेलिंगमधून सरळ लेन्समध्ये येते. रेलिंगपासून वीतभर लांब उभं राहायचं, कोपरं छातीला, गुडघे सैल. लाटेचं काम गुडघ्यांनी करायचं.

ही घ्यायच्या आधी मी टेलिफोटो, म्हणजे अशी लांबचं जवळ आणणारी लेन्स, भाड्याने घ्यायचे. एकदा पंधरा दिवसांच्या जहाजाच्या ट्रिपसाठी एक मागवली, निघायच्या आदल्या संध्याकाळी हातात आली, आणि जहाज सुटल्यावर कळलं की झूम रिंगमध्ये वाळू आहे, फिरवली की कचकच, आणि लांबच्या टोकाला फोकस धड बसत नाही. भाड्याने देणाऱ्याचं नाव घेत नाही, तेव्हा मीही घरी तपासून बघायला हवी होती. पण समुद्राच्या मधोमध बदली कुठून आणणार. त्या ट्रिपमध्ये समोर व्हेल शेपटी वर काढून गेली आणि माझ्याकडे सगळ्या फ्रेम मऊ, म्हणजे धूसर. क्लायंटला काय दाखवलं ते राहू दे, पण मला ती शेपटी अजून दिसते. परत आल्यावर पहिलं काम हे केलं, स्वतःची लेन्स घेतली.

आता स्वालबार्ड. नॉर्वेच्याही वर उत्तरेला बेटांचा एक समूह, ७८ अंशांच्या आसपास. तिथल्या लाँगइयरबेन गावाला साधारण २० एप्रिलपासून २३ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. फोटोग्राफरसाठी याचा अर्थ काय ते सांगते. इतरत्र सोनेरी उजेड मिळतो कसाबसा तासभर, इथे रात्री सूर्य खाली उतरतो आणि क्षितिजाच्या वर तसाच आडवा सरकत राहतो, तो कोवळा तिरपा उजेड तासन् तास टिकतो. त्यामुळे काम रात्रीचं. पहाटे अडीचला स्पीकरवर हळू आवाजात सांगतात की डाव्या बाजूला, बर्फावर, अस्वल. मग सगळे जे हातात येईल ते घालून डेकवर, कुणाच्या पायात नुसते मोजे, आणि चाळीस माणसं असूनही टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी या कामात इतकी वर्षं आहे, पण त्या जिन्यावरून वर जाताना पोटात जे होतं ते पहिल्या दिवशी झालं होतं तसंच आजही होतं. याच्यासाठी मी बाकी सगळं सोसायला तयार आहे.

२०२५ पासून तिथला नियम बदललाय. पोलर बेअरपासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. मी जुलैत होते म्हणजे ३००. जहाजावर बरीच कुरकुर ऐकली, की एवढ्या लांबून काय फोटो निघणार. मी पुन्हा तोच हिशोब केला, ३०० मीटरवर ४०० च्या फ्रेमची रुंदी येते २७ मीटर, त्यात अस्वल अडीच मीटरचं धरा. म्हणजे फ्रेमच्या अकराव्या हिश्शाएवढं. पोर्ट्रेट विसरा. पण मग उरलेल्या दहा हिश्शांत काय आहे ते बघायला लागते मी, आणि खरं सांगायचं तर तिथेच माझं काम सुधारलं. बर्फाचा निळा कापलेला कडा, त्याच्या खाली काळं पाणी, आणि मधे एका सपाट तुकड्यावर मळकट पिवळसर ठिपका चाललाय, मान खाली घालून, मागे पावलांची रांग. ते अस्वल किती मोठ्या जागेत राहतं ते त्या फोटोत कळतं. आधीच्या माझ्या जवळच्या फोटोंत ते कुठल्याही प्राणिसंग्रहालयात काढल्यासारखं दिसायचं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. क्लायंटने त्याच ट्रिपमधली ती लांबची फ्रेम पहिल्या पानाला घेतली. नियम चांगला आहे, मनापासून सांगते, अस्वलाने आपल्याकडे बघून वाट बदलली नाही याचं जे समाधान असतं ते जवळच्या फोटोत नाही मिळत. आणि १.४ एक्सचा कन्व्हर्टर लावून ५६० करता येतं, माझ्याकडे आहे, पण एफ ८ होतं आणि लांबच्या थंड हवेत फार फायदा दिसला नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळ बॅगेतच.

हवेवरून आठवलं, हे नीट वाचा कारण या लेन्सबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथून येतात असं माझं मत आहे. लांब टेलिफोटो म्हणजे समोरच्या सगळ्या हवेतून फोटो काढणं. पाणी थंड आणि हवा जरा उबदार, किंवा जमीन तापलेली, की मधली हवा लहरते आणि फोटो मऊ येतो, जसं तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबचं हलताना दिसतं तसं. मग माणूस म्हणतो लेन्स शार्प नाही. लेन्स शार्प आहे. दुपारच्या उन्हात २०० मीटरवरचं हरीण काढून तिला नापास करू नका. अजून एक, हीटर लावलेल्या गाडीतून किंवा उबदार केबिनमधून लेन्स बाहेर काढली की हूडच्या नळीत गरम हवा अडकून राहते आणि पुढची काही मिनिटं सगळं लहरत दिसतं. निघायच्या अर्धा तास आधी बॅग बाहेर गारठ्यात ठेवायची. आणि उलट, कडक थंडीतून आत येताना झिपच्या पिशवीत बंद करून आणायची आणि घाई न करता तशीच राहू द्यायची, म्हणजे पाणी पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

त्याच स्वालबार्डच्या ट्रिपमध्ये दोन दिवस धुकं होतं. समोरचं जहाजाचं टोक दिसेना, तर डोंगर आणि अस्वल कुठून दिसणार. एका खाडीत उतरवलं आम्हाला, रायफलवाले गाइड चारी बाजूंना, फार लांब जायची परवानगी नाही. सगळे हात चोळत उभे. मी पोटावर झोपले. ही लेन्स ९८ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, ४०० वर ठेवूनसुद्धा, म्हणजे वस्तू सेन्सरवर जवळजवळ तिच्या एक तृतीयांश आकाराची पडते. खडकाच्या फटीत जांभळ्या सॅक्सिफ्रेजची मागे राहिलेली चार फुलं होती, नखाएवढी, प्रत्येक पाकळीवर धुक्याचे बारीक थेंब, आणि बाजूला कुठल्यातरी पक्ष्याचं पडलेलं पांढरं पीस, त्याच्या एकेक दोऱ्यावर मोत्यांची माळ लावल्यासारखं पाणी. ४०० मुळे मागचं सगळं दुधासारखं वितळलं. तासभर मी त्या हातभर जागेत होते. पोट, कोपरं, सगळं भिजलं. गाइड येऊन वाकून बघायला लागला की ही काय शोधतेय, त्याला स्क्रीनवर दाखवलं तर तो म्हणाला इतकी वर्षं इथे येतोय, हे पीस असं कधी बघितलं नाही. दुसरी कुठली मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू जवळून काढायची लेन्स, बरोबर नव्हती. अस्वलासाठी आणलेल्या लेन्सने पिसाचा फोटो काढता येतो ही सोय लोकेशनवर किती मोठी आहे ते एकदा धुक्यात अडकल्याशिवाय कळायचं नाही.

नामिबियातलं डेडव्ले वेगळ्या कारणासाठी सांगते. पांढऱ्या मातीचं सपाट तळं, कधीच आटलेलं, भोवती लाल टेकड्या वाळूच्या, आणि मधे बाभळीच्या कुळातली काळी पडलेली झाडं, सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली, हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत, तशीच उभी. उद्यानाच्या आत मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं, साठेक किलोमीटर डांबरी रस्ता, शेवटचे ५ किलोमीटर वाळू, मग चालत. सूर्य वर येतो तेव्हा आधी पश्चिमेच्या टेकडीचा माथा पेटतो आणि मग उजेडाची रेघ हळूहळू खाली उतरायला लागते. खालचं तळं अजून सावलीत, निळसर, झाडं काळी, मागची भिंत मात्र अंगारासारखी केशरी. हे सगळं १००-२०० च्या मधे सुंदर बसतं, टेलिफोटोने मागची टेकडी झाडाला चिकटवल्यासारखी पुढे येते आणि आकाश फ्रेमबाहेर जातं. माणसंही बाहेर जातात, हे महत्त्वाचं, कारण तोवर तीस-चाळीस जण आलेले असतात आणि त्यांनाही तिथे उभं राहायचा तेवढाच हक्क आहे. कुणाला बाजूला व्हा म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही, अंगठ्याएवढा झूम फिरवला की दोन माणसांच्या मधलं झाड एकटं. ती रेघ तळ्याला टेकली की रंग गेला, मग दिवसभर काही नाही. पाऊण तास मिळतो म्हणा. त्या पाऊण तासात मी लेन्स एकदाही बदलली नाही, आणि वारा सुटल्यावर वाळू उडायला लागली तेव्हा बाजूचे दोघं अंगाखाली बॉडी घेऊन लेन्स बदलत होते ते बघून माझाच जीव वरखाली झाला.

जमेची बाजू झाली, आता उणं काय ते. झूम केला की लेन्स लांब होते, नळी बाहेर येते, म्हणजे धुळीत वापरून झाल्यावर आत घेताना ती नळी पुसायलाच हवी, मऊ ब्रशने आधी, मग कापडाने. धूळ फार असेल तर मी पावसाचं कव्हर घालून वापरते. समुद्रावर असाल तर रोज रात्री गोड्या पाण्यात पिळलेलं कापड, मग कोरडं. मीठ वाळू द्यायचं नाही. पाय निघतो पण त्याची कडी निघत नाही, आणि पायाला ट्रायपॉडवर अडकवायच्या आर्का प्लेटची खाच नाही, वेगळी प्लेट लावावी लागते. लांबच्या टोकाला एफ ५.६ आहे, एफचा आकडा मोठा म्हणजे आत उजेड कमी. उघड्यावर, बर्फावर, समुद्रावर काही अडत नाही, पण दाट जंगलात संध्याकाळी जनावर निघालं की ५.६ म्हणजे हात आखडतो, तिथे एफ २.८ किंवा ४ वाल्या मोठ्या लेन्सला पर्याय नाही. माझं जंगलाचं काम कमी म्हणून मला चालतं, तुमचं सगळं कामच तिथे असेल तर ही घेऊन समाधान होणार नाही, स्पष्ट सांगते.

मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर गेलात तर काय, हे सगळे विचारतात. अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेस आर बॉडीवर व्यवस्थित चालते, मी तसंच वापरते, फोकस उलट जास्त भरवशाचा झालाय कारण बॉडी पक्ष्याचा डोळा ओळखते. २०२० मध्ये आर बॉडीसाठीची कॅननची आरएफ १००-५०० आली, तीही हातात घेतलीय मी, पाय काढून दोनशेएक ग्रॅम हलकी आणि १०० एमएम जास्त, फक्त शेवटच्या टोकाला एफ ७.१. आज पहिल्यांदा सगळं नवीन घेत असाल तर ती बघाच. माझं असं आहे की या लेन्सची रिंग किती फिरवली की किती होतं ते हाताच्या आत गेलंय, ते सोडून द्यायला मी तयार नाही. सेकंडहँड घेणार असाल तर रिंग सैल आणि घट्ट दोन्ही करून पूर्ण फिरवून बघा, कुठेही कचकच आली तर उठा. माउंटजवळची रबरी कड फाटलेली नाही ना बघा. आयएस चालू करून ४०० वर भिंतीवरचं काहीतरी बघा, चित्र उडी मारत असेल तर नको.

बॅस रॉकला मी २०२३ मध्ये परत गेले. मधे २०२२ चा बर्ड फ्लू होऊन गेला होता. बोटीतून जाताना लांबूनच दिसलं, की जो भाग आधी एकसंध पांढरा होता त्यात आता मधेमधे उघडा दगड आहे, काळे तुकडे. कुणी काही बोललं नाही. बोटवाल्याने इंजिन मंद केलं. मी ४०० लावून कड्यावरचा एकेक पक्षी बघायला लागले, डाइव्ह नकोच होता मला त्या दिवशी, नुसते चेहरे हवे होते. गॅनेटचा डोळा फार देखणा असतो, फिकट निळा, भोवती त्याहून गडद निळी कड, जशी काजळाने आखलेली. आणि एक पक्षी दिसला त्याचा डोळा पूर्ण काळा. मला वाटलं सावली आहे. झूम तसाच धरून वाट बघितली, त्याने मान वळवली, उजेड सरळ डोळ्यावर आला, तरी काळाच. मग अजून एक. अजून एकाच्या निळ्यात नुसते काळे ठिपके सांडल्यासारखे.

बोटीवर असलेल्या गाइडने मग सांगितलं की ज्यांना फ्लू होऊन गेला आणि जे वाचले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे असे झालेत, संशोधकांनी रक्त तपासून तो संबंध बघितलाय. म्हणजे समोर जो बसला होता तो यातून पार पडलेला. बोट लाटेवर वरखाली, ४० मीटर तरी अंतर असेल, बोट त्याहून पुढे नेता येत नव्हती आणि न्यायलाही नको होती. मी रिंग पूर्ण घट्ट केली, गुडघे सैल सोडले, श्वास अर्धा सोडून थांबले आणि तो परत माझ्या बाजूला मान वळवेपर्यंत तशीच उभी राहिले. त्याच्या शेजारी त्याची जोडीदार होती, तिचे डोळे निळे. दोघांनी चोची वर करून एकमेकांवर घासल्या, गॅनेट भेटले की करतात तसं, आणि त्या एका फ्रेममध्ये एक काळा डोळा आणि एक निळा डोळा दोन्ही फोकसमध्ये आलेत.

फोटो काढून झाल्यावर मी कॅमेरा गाइडकडे दिला, त्याने तो बोटवाल्याला दाखवला, मग बोटीतल्या सगळ्यांकडून फिरत फिरत शेवटी एका म्हाताऱ्या बाईंकडे गेला, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी कड्याकडे बघायला लागल्या, त्यातले नेमके कुठले दोघं ते शोधत.